खुर्चीचा नियम

नियम मावशीनेच केला होता. नाच संपला की तो बसवणाऱ्याने मंचाच्या मधोमध लाकडी खुर्चीत बसायचं, बघणाऱ्यांनी मनात येईल ते बोलायचं, आणि खुर्चीतल्याने तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, आभार नाहीत, "मला खरं तर असं म्हणायचं होतं" हेही नाही. तिच्या तरुणपणी लोक तिला इतके खुलासे मागायचे की नाच राहायचा बाजूला आणि तिची तोंडी परीक्षाच सुरू व्हायची. आपल्या पोरांच्या वाट्याला ते नको, म्हणून महोत्सव सुरू करताना पहिली गोष्ट ठरली ती ही खुर्ची.

तिची पोरं म्हणजे ज्यांच्या पाठीशी संस्था नाही, मोठ्या गुरूचं नाव नाही, अशी स्वतःच्या हिमतीवर नवे नाच बसवणारी मंडळी. त्यांना तालमीला जागा मिळावी, बरा उजेड मिळावा, बघायला चार जाणती माणसं मिळावीत, म्हणून तिने बंद पडलेल्या छापखान्याचं गोदाम घेतलं. घासून घासून शाईचे डाग काढले, जमिनीवर नाचाचं काळं रबर अंथरलं. या सगळ्यात स्वतःचा नाच बसवायचं "यंदा राहू दे" म्हणत राहूनच गेलं. पोरं तिला मावशी म्हणायला लागली तेव्हा तिला केवढं कौतुक वाटलं होतं. मावशीकडे लोक खाऊ मागायला येतात, तिचा नाच बघायला नाही, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

यंदा मात्र तिने नाच बसवला. एकटीचा. एक बाई खोलीभर बसायला जागा शोधते आणि जिथे टेकावं ती जागा आधीच कुणाची तरी निघते, एवढीच गोष्ट.

"म्हणजे पाहुणे आल्यावरची तू," थोरली नणंद म्हणाली. नवरा गेला तरी नणंद राहिली होती, आणि महोत्सवाचा चहा तिच्या ताब्यात होता.

"वन्सं, तुम्ही बघायला या म्हणजे झालं."

"येते की. पण या वयात हा खटाटोप कशासाठी, ते तर सांग."

मावशीने सांगितलं. कुणी एक जरी नाचाबद्दल खरं काही बोललं, अगदी वाईट बोललं तरी, महोत्सव लांबडीच्या हाती सोपवायचा आणि उरलेली वर्षं आपलं काम करायचं.

"आणि नाही बोललं कुणी?"

"मग कळलंच की."

लांबडी म्हणजे तिची सगळ्यात गुणी पोर. इथेच घडली, आता देशोदेशी बोलावणी येतात. महोत्सवासाठी मुद्दाम आली होती आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती.

नाच झाला. मध्यावर एका वळणाला मावशीचा गुडघा अडकला, तशी तिने भिंत धरली, दोन श्वास घेतले आणि पुढे गेली. बाकी सगळं मनासारखं. कोपर, टाच, गाल टेकवून तिने ती खोली अशी मापली, की शेवटी उभ्या उभ्या डोळे मिटताना तिला वाटलं, अजून येतंय आपल्याला.

टाळ्या वाजल्या. लोक उठून उभे राहिले. ती खुर्चीत बसली, मांडीवर हात ठेवले आणि गप्प झाली.

पहिला बोलला एक दाढीवाला. "मावशींनी मला तालमीला जागा दिली नसती, तर मी आज काकाच्या दुकानात असतो." त्याला गहिवरून आलं. त्याच्या शेजारची म्हणाली, तिच्या पहिल्या नाचाला फक्त मावशी आल्या होत्या. मग लाइटवाला, जो एरवी दिव्यांखेरीज कशाबद्दल बोलत नाही, तोही म्हणाला की अशी जागा दुसरी नाही. चहाचं कौतुक झालं. जमिनीचंसुद्धा झालं, किती मऊ, गुडघ्यांना किती बरी.

मावशी वाट बघत होती. शेवटी लांबडी उठली, तेव्हा तिला जरा धीर आला. ही बोलेल. हिला डोळे आहेत.

"मावशी, काय बोलू मी," लांबडी म्हणाली. "आज तुम्हाला तिथे बसलेलं बघून भरून आलं. ही जागा तुम्ही कधी सोडू नका. तुम्ही आहात म्हणून आम्ही नाचतो."

पुन्हा टाळ्या.

"आणि नाच?" मावशी म्हणाली.

क्षणभर कुणाला कळेना काय झालं. मग मागून कुणीतरी प्रेमाने म्हणालं, "मावशी, खुर्चीत बोलायचं नसतं." सगळं गोदाम हसलं. लांबडी तर डोळे पुसत हसली. मावशीही हसली. दुसरं काय करणार होती.

लोक चहाला पांगल्यावर नणंद कपांचा ट्रे घेऊन आली आणि तिच्या शेजारी जमिनीवर टेकली.

"खरं सांगू? मला मध्ये डुलकी लागली."

"बरं झालं. कुणीतरी खरं बोललं."

"पण तू ती भिंत धरलीस ना, तेव्हा जाग आली. म्हटलं, आता ही पडते. उठलेच होते मी. तेवढं मात्र फार खरं वाटलं गं. कसं बसवलंस ते?"

मावशी गुडघा चोळत राहिली. "बसलं आपोआप," ती म्हणाली.

उद्या जिचा नाच होता ती मुलगी तेवढ्यात मोजे हातात घेऊन आली. "मावशी, सकाळी लवकर तालीम करू का? किल्ली मिळेल?"

मावशीने कमरेची किल्ली काढून दिली. मग जमिनीवर लावलेल्या स्वतःच्या खुणांच्या पिवळ्या पट्ट्या ती नखाने एकेक उपटायला लागली.

"राहू दे ना, उद्या काढू," नणंद म्हणाली.

"नको वन्सं. पोरीचा पाय अडकायचा."

पट्ट्यांचा चिकट बोळा तिने रिकाम्या कपात कोंबला. खुर्चीचा एक पाय हलत होता. घरून खिळा आणायला हवा, असं मनाशी म्हणत तिने ती जागेवर, मधोमध, नीट ठेवून दिली.