दुधाच्या चरवीतले खारे पाणी

मित्रांनो, कोणी माझे झाकण उघडले की मी आधी त्याचा हात बघते आणि मग तोंड. उगाच कोणावर विश्वास टाकण्याचा माझा स्वभाव नाही. मी सार्क नावाच्या इवल्याशा बेटावरची एक जुनी तांब्याची चरवी आहे.

मला शेजारच्या ग्वेर्नसी बेटावरच्या तांबटाने घडवले. गोल पोट, निमुळती मान आणि वर घट्ट झाकण. आमच्या दोन्ही बेटांवर लग्नात अशी चरवी भेट देतात. माझी आताची मालकीण नेस्ता व्होडँ, तिच्या आईला मी अशीच मिळाले. वर्षानुवर्षे मी दूध वाहिले. पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. कोळ्यांनी माझ्या तोंडाशी जाळी विणली. आपले दिवस संपले, असे मी धरून चालले.

मग छोट्या बेटांचे खेळ सुरू झाले. उद्घाटनाला प्रत्येक बेट आपल्या किनाऱ्याचे पाणी आणते आणि सगळे एकाच कुंडात ओतते. नेस्ताने मला खाली काढून लख्ख केले. आमची माणसे मूठभर, पदकांच्या नावाने बोंब. पण कुंडाला कोण थोरले आणि कोण धाकटे? सार्कचे नाव पुकारले की नेस्ता मला घेऊन पुढे जायची, तेव्हा तिची मान ताठ असायची.

यंदा खेळ ग्वेर्नसीत होते. त्या शेजाऱ्यांवर आमच्या माणसांचा काडीचा भरवसा नाही. शेजारी मोठा असला की त्याच्या हसण्यातही खोट दिसते. नेस्ता साठी उलटलेली तिरंदाज. निघण्यापूर्वी ती मला भरायला खाडीत उतरली, आणि एका लाटेने तिला खांद्यापर्यंत भिजवले. बोट सुटायची वेळ झाली होती. तिने ओला लोकरी स्वेटर तसाच पिशवीत कोंबला. संघाचा पुढारी सिरिल द्रिलो तिला म्हणाला, "चरवीवर नजर ठेव गं नेस्ता. केसानं गळा कापणारी माणसं आहेत ती."

आमचा मुक्काम ऑलिव्हबाईंच्या घरी होता. बाई भारी हसतमुख. मला नेमके तेच खुपले. एवढे हसायला झाले काय? सकाळी नेस्ता अंघोळीला गेली आणि या बाई हळूच स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी माझे झाकण काढले, वास घेतला, नाक मुरडले आणि सगळे पाणी मोरीत ओतून दिले. मग कढत पाण्याने मला खसाखसा घासले, आत काहीतरी भरले आणि झाकण घट्ट लावले. माझा जीव तळमळला. सिरिल म्हणत होता तेच झाले. पण चरवीला वाचा कुठली?

मैदानात रांगा लागल्यावर नेस्ताने झाकण उघडले. आत पांढरेशुभ्र दूध. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. सिरिलचा पारा चढला. कठड्यापाशी ऑलिव्हबाई कौतुकाने हात हलवत उभ्या होत्या. त्याने त्यांना चारचौघांत फैलावर घेतले. आमचे पाणी कोणाच्या सांगण्यावरून फेकले, असे विचारले. बाई रडकुंडीला आल्या.

"अहो, चरवीत दूधच असतं ना? हिच्यात कसलं तरी गढूळ, वास मारणारं पाणी होतं. म्हटलं, पाहुण्यांची चरवी रिकामी कशी ठेवू? आज सकाळच्याच धारेचं आहे हो."

दुधाची चरवी रिकामी परत करायची नाही, ही रीत सार्कवरही आहे. सिरिलचा चढलेला पारा उतरला. मीही मनातल्या मनात वरमले.

पण दुधाने कुंड थोडेच भरणार होते? एकेका बेटाचे नाव पुकारले जात होते. "आपलं बेट आज कोरडंच राहणार," नेस्ता म्हणाली. डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून तिने पिशवीत हात घातला, आणि तो तिथेच थांबला. लोकर अजून ओलीचिंब होती.

सार्कचे नाव आले. नेस्ता पुढे गेली आणि भर मैदानात तिने स्वेटरची बाही कुंडावर पिळली. पाणी थोडेच पडले, पण ते आमच्या खाडीचे होते. चरवीतले दूध आमच्या संघातल्या सगळ्यांनी वाटून प्यायले. पहिला पेला सिरिलने मान खाली घालून ऑलिव्हबाईंच्या हाती दिला.

तेव्हा मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या भांड्यांना माळ्यावर टाकू नका. घासा, पुसा, पण आत काय आहे ते आधी घरधन्याला विचारा. आणि माणसावर संशय घेण्याआधी त्यालाही एकदा विचारा. माझी खोड मात्र गेलेली नाही. झाकण उघडणाऱ्याचा हात मी अजून निरखून बघते. तो ऑलिव्हबाईंचा असला, तर बघत नाही.