मागचं दार

बाबा मागच्या सीटवर जाऊन बसले, दार ओढून घेतलं आणि हात गुडघ्यांवर ठेवून क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी आतून हँडल ओढलं, बाहेर आले आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराने पुन्हा आत शिरले. तिथेही तेच. दार लावलं, थांबले, उघडलं, उतरले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "दुसरी दाखवा."

"साहेब, इंजिन पुढे असतं हो!" गाड्यांचा व्यापारी हसत म्हणाला. बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "लोक येतात, बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारतात. तुम्ही मात्र तासाभरापासून नुसते पाहुण्यासारखे मागे जाऊन बसताय."

धाकटी ओशाळून हसली. खरं तर तिलाही हेच म्हणायचं होतं. सकाळपासून त्यांनी कितीतरी जुन्या गाड्या पाहिल्या आणि प्रत्येक गाडीत बाबांनी हाच प्रकार केला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो हे तिला मान्य होतं. पण फुंकर तरी ताकावर मारावी! गाडी किती चालली, तेल गळतं का, ब्रेक कसे आहेत, एका शब्दानेही त्यांनी विचारलं नव्हतं.

बावीस वर्षांची झाली तरी घरात तिला धाकटीच म्हणत. घरात आता आई, बाबा आणि ती अशी तीनच माणसं होती, थोरली कुणी उरली नव्हती. पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचूनही धजावलं नाही. कानाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली होती. शहराबाहेरच्या वस्त्यांवर जायचं, ज्यांना दाराची बेल ऐकू येत नाही अशा म्हाताऱ्यांकडून दार उघडून घ्यायचं आणि त्यांच्या कानाला यंत्र बसवून द्यायचं. तिकडे बस जात नव्हती. स्वतःची गाडी ही कंपनीची अटच होती, आणि ती एक तारखेच्या आत दाखवायची होती. नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार टपलेलाच होता. ही नोकरी तिला जिवापाड हवी होती.

गाडी शिकायला घरातून कुणी नाही म्हटलं नाही. फक्त ती क्लासला निघाली की आई नळ सोडून भांडी घासायला बसायची, घासलेलीच. आजही आई म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या. मला त्यातलं काय कळतंय?" आणि ती नळाकडे वळली.

"ताई, तुम्ही जरा स्टिअरिंगवर बसून बघा ना," व्यापारी म्हणाला.

बाबांनी झटकन मागे वळून पाहिलं. मागे धुतलेल्या गाड्यांची रांग होती आणि फरशीवरून पाणी वाहत होतं, आणखी काही नव्हतं. जगात कुठलाही माणूस कुठल्याही मुलीला ताई म्हणतो, त्यात नवल ते काय? पण त्यांच्या घरात तो शब्द पंधरा वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. धाकटी पुढे झाली. गाडीत बसून तिने आरसा नीट केला, आणि आरशात दिसणाऱ्या रिकाम्या सीटकडे बघायचं टाळलं.

काय झालं होतं ते तिला ठाऊक होतं. समोरून ट्रॅक्टर आला, बाबांनी गाडी कडेला घेतली, कड खचली आणि गाडी कालव्यात गेली. ती पुढे आईच्या मांडीवर होती, ताई मागे. पुढची दारं उघडली, मागचं उघडलं नाही, आणि बाहेरून कुणी पोहोचेपर्यंत गाडी बुडाली होती. दार जाम झालं होतं. नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या बाई, सगळ्यांना बाबांनी एवढंच सांगितलं होतं. दार जाम झालं. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही आणि बाबांनी पुन्हा गाडीला हात लावला नाही.

भिंतीलगत एक छोटी निळी गाडी उभी होती. रंग एका बाजूने उडालेला, पण आतून स्वच्छ. धाकटीला ती बघताक्षणी आवडली. तिने किंमत विचारली. व्यापाऱ्याने आधी आकाशाकडे, मग तिच्याकडे पाहत ती सांगितली आणि ती चक्क परवडण्यासारखी होती. इतक्यात बाबा मागे बसलेही होते. दार लावल्याचा आवाज आला. मग हँडलचा. मग पुन्हा हँडलचा.

"अडकलं वाटतं," व्यापारी म्हणाला, आणि त्याच वेळी त्याचा फोन वाजला. "हां, बोला शेठ!"

हँडल खडखडत राहिलं. धाकटीने काचेतून आत पाहिलं. बाबा आता ओढत नव्हते. त्यांनी हाताचा पंजा काचेवर टेकवला होता आणि ते तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे म्हणण्यापेक्षा, ती जिथे उभी होती तिथे. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही. ती धावली आणि तिने बाहेरून दार उघडलं.

"अहो, चाइल्ड लॉक आहे ते!" व्यापारी फोन बाजूला धरून म्हणाला. "आधीच्या मालकाची पोरं लहान होती. एकदा लावलं की आतून कितीही ओढा, उघडायचं नाही. बाहेरूनच उघडावं लागतं. पोरांसाठी अगदी उत्तम सोय."

बाबा उतरले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली, कमरेत वाकले, दाराच्या कडेतल्या बारीकशा खटक्यात तिचं टोक घातलं आणि एका झटक्यात तो फिरवला. खटका कुठे आहे ते त्यांना शोधावं लागलं नाही. पंधरा वर्षांत गाडीला हात न लावलेल्या माणसाचा हात बरोबर तिथेच गेला.

ती वाकलेली पाठ धाकटीने आधी पाहिली होती. रस्त्याच्या कडेला गाडी थांबलेली, बाबा आधी तिच्या, मग ताईच्या दाराशी वाकलेले, हातात किल्ली. त्याआधी तिच्या पाठीत बसलेला धपाटा. चालत्या गाडीचं दार उघडायची खोड तिला होती. वारा आत येतो म्हणून ती उघडायची. पार विसरून गेली होती ती हे. "आता उघडून दाखव बघू," बाबा म्हणाले होते, आणि तिने दोन्ही हातांनी हँडल ओढून पाहिलं होतं, अगदी लोंबकळली होती त्याला, आणि शेजारी बसलेली ताई खिदळत म्हणाली होती, "आता आपण दोघी कैदी!" कालव्याच्या त्या दिवशी मात्र तिने पुढे आईच्या मांडीवरच बसायचा हट्ट धरला. मागे एकटी ताई होती. लॉक तसंच होतं.

दार जाम झालं नव्हतं.

तिने गाडीच्या टपावर हात ठेवला. उन्हाने टप तापला होता, तरी तिने हात काढला नाही. ते लॉक तिच्यासाठी होतं आणि तिला ते कधीच कळू नये म्हणून या माणसाने गावभर एक खोटं सांगितलं होतं, कुणी न विचारता, पंधरा वर्षं. तिला इतकं रडू येत होतं की ती गाडीच्या पलीकडे जाऊन टायरला लाथ मारून आली.

"हीच घे," बाबा म्हणाले. किल्ली त्यांनी खिशात टाकली.

विम्याचं काम आवाराच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत होतं. विमावाल्या बाई एका हाताने चहा पीत दुसऱ्या हाताने टाइप करत होत्या.

"वय बावीस, लायसन्स कोरं करकरीत," त्या म्हणाल्या. "आमच्या कंपनीच्या हिशेबी तू निघतानाच धडकलीस असं समज." त्यांनी स्क्रीन वळवून आकडा दाखवला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. धाकटीचा चेहरा उतरला.

"एक करता येईल," बाई म्हणाल्या. "वडिलांचं नाव सोबत घालू. जुना ड्रायव्हर असला की हप्ता निम्म्यावर येतो. काका, लायसन्स चालू आहे?"

"आहे."

बाबांनी पाकिटातून काढून ते टेबलावर ठेवलं. धाकटी बघतच राहिली. मुदत संपली की ते गुपचूप जाऊन नवं करून आणत होते तर. कशासाठी, कुणास ठाऊक.

"आधी कधी अपघात?"

"एक."

"कधी?"

"पंधरा वर्षं झाली."

"मग 'नाही' टाकते. इतकं जुनं आम्ही धरत नाही."

"धरत नाही म्हणजे?"

"म्हणजे संपलं ते, काका. रेकॉर्ड स्वच्छ आहे तुमचं."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "लिहा ते."

"अहो, 'हो' टाकलं की कागद तपासायला वर जातात. महिना दीड महिना तिथेच पडून राहतील. तोवर गाडी इथून हलायची नाही."

"राहू देत. माझी थोरली मुलगी गेली त्यात. लिहा."

बाईंनी कप खाली ठेवला. भिंतीवरचा पंखा मान वळवत त्यांच्याकडे आला आणि परत गेला. धाकटीला एक तारीख दिसत होती, कंपनीतल्या साहेबांचा चेहरा दिसत होता, आणि पहिल्यांदा तिला बाबांचा रागच आला. लोकांना सांगायला खोटं चालतं, स्वतःला मात्र एवढीही सूट नाही! मग त्यांच्या टेबलावरच्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. बोटं एखाद्या हँडलवर असावीत तशी वळलेली होती. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"मग माझ्यापुढेही 'हो' टाका," ती म्हणाली.

"तुझ्या?" बाई म्हणाल्या. "अगं, तुझ्या लायसन्सची शाई वाळली नाही अजून."

"त्याच अपघातात. मागच्या दाराचं लॉक माझ्यासाठी लावलेलं होतं."

बाबा हळूहळू तिच्याकडे वळले. इतकं दमलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मघाशी तुम्ही किल्ली फिरवलीत तेव्हा आठवलं."

"लॉक मी लावलं होतं. काढायचं मी विसरलो. तुझा काय संबंध?"

"मी दार उघडत होते म्हणून लावलं होतं."

"सात वर्षांची होतीस तू! सात वर्षांच्या पोरीचं कुणी धरतं का?"

"पंधरा वर्षांपूर्वीचंही धरत नाहीत, बाबा."

बाबा बाईंकडे वळले. "हिच्यापुढे काही लिहायचं नाही."

"तुमच्यापुढे 'हो' राहिलं तर माझ्यापुढेही राहणार," धाकटी म्हणाली. हट्टाच्या बाबतीत ती कुणाची मुलगी होती हे वेगळं सांगायला नको.

बाई दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या. बाहेर कुणीतरी गाडीवर पाण्याचा फवारा मारत होतं. पत्र्यावर पाणी आपटलं तसे बाबा दचकले.

"दोघांपुढेही 'नाही' टाका," मग ते म्हणाले.

बाईंनी वर न बघता टाइप केलं. बाबांनी रुमाल काढून चष्मा पुसला, डोळ्यांवर लावला, पुन्हा काढून पुन्हा पुसला. धाकटीने त्यांचं लायसन्स उचलून त्यांच्या पाकिटात घातलं. त्यावरचा फोटो अगदी अलीकडचा होता.

"झालंच," बाई म्हणाल्या. "एक शेवटचं विचारते. गाडीत साधारण किती जण असतील नेहमी?"

धाकटी तीन म्हणणार होती.

"चार," बाबा म्हणाले.

बाईंनी स्क्रीनवरची माहिती पाहिली आणि विचारल्यासारखं धाकटीकडे पाहिलं.

"हो," धाकटी म्हणाली. "चार."