वासाचा अहवाल

समितीचा तिसरा सभासद वाफ्यात गुडघे टेकून पान चुरगाळत होता आणि माळीणकाकू खुरप्याच्या मुठीवर बोटं आवळून उभ्या होत्या. पहिल्या दोघांनी आधीच पानं चुरगाळून, बोटं नाकाशी नेऊन ‘वास येतोय’ असं ठरवलं होतं. तिसऱ्यालाही आला. तो हेडक्लार्क होता. साहेबांना जे येतं ते त्याला यायचंच.

“चुरगाळलंत म्हणून आला,” काकू म्हणाल्या. “कुणाचाही कान पिरगाळा, तो ओरडतोच. म्हणून काय तो भांडखोर झाला?”

हेडक्लार्कनं वहीत लिहिलं, वास येतो. कानाचं काही लिहिलं नाही.

हे जन्म-मृत्यू नोंदणीचं कार्यालय. माणूस आला की इथे, गेला की इथे. मधल्या भानगडीशी कार्यालयाचा संबंध नाही. फाटकापासून दारापर्यंत फरशीची वाट आणि तिच्या कडेला काकूंचा वाफा. वाफ्यात शोभेचा रानलसूण. खायचा नव्हे, बघायचा. कमरेइतक्या उंच दांडीवर दोन मुठींएवढा जांभळा गोळा, चांदण्या एकत्र बांधल्यासारखा. पण बियांपासून लावला तर फुलायला पाच वर्षं घेतो. काकूंनी बी पेरलं तेव्हा हे साहेब दुसऱ्या कुठल्या तरी कार्यालयाचं डोकं खात होते. गवतासारखी पानं काकूंनी पाच वर्षं राखली. यंदा, निवृत्तीला महिना उरला असताना, बेचाळीस दांड्या वर आल्या. प्रत्येकीच्या टोकाला मिटलेली कळी. अजून दोन आठवडे, की झालं.

साहेबांची तक्रार होती, केबिनमध्ये लसणाचा वास येतो. समिती त्याचसाठी नेमली होती. येत होता, हे खरंच. साहेब रोज गाडीतून उतरले की फरशी सोडून वाफ्यातून तिरके जात. त्यानं सात पावलं वाचत. पानं बुटाखाली चिरडत आणि तेच बूट दिवसभर केबिनच्या टेबलाखाली बसत. काकूंनी हे दोनदा तोंडी सांगितलं, एकदा लेखी. अर्जाला आवक क्रमांक मिळाला. समितीनं वाफा हुंगला, खिडकी हुंगली, पडदे हुंगले, शिपायालाही हुंगलं. तो आंघोळ करून आलेला निघाला. बूट तेवढे राहिले. ते साहेबांच्या पायात होते आणि तिथवर वाकायला हेडक्लार्क तयार असला, तरी हुंगायची परवानगी कुणाकडे मागायची हे नियमात नव्हतं.

अहवाल आला. सोमवारपर्यंत वाफा साफ करावा, माळीणबाईंनी स्वतः.

काकू खुरप्यासकट केबिनमध्ये शिरल्या.

“पिवळी पडलीयेत ती पानं,” साहेब फाइलीतून मान वर न करता म्हणाले. “मेलंय ते सगळं, बाई.”

“मेलं नाही. फुलायच्या आधी पानं पिवळी पडतातच. होतं नव्हतं ते कळीला देतात.” काकूंनी खुरप्याचं टोक टेबलाखालच्या बुटांकडे केलं. “एक दिवस बूट खिडकीबाहेर काढून ठेवा. वास राहिला तर मी माझ्या हातानं कापते.”

“तुम्ही माझ्या बुटांबद्दल बोलताय?”

“बुटांबद्दलच. आतल्या माणसाबद्दल अजून तोंड उघडलंच नाही मी.”

घरी लेकीनं समजूत घातली. महिन्याचा तर प्रश्न आहे, आई, कशाला उगाच वाकड्यात शिरतेस. काकूंनी भांडी इतकी जोरात घासली की लेक गप्प बसली.

सोमवारी काकूंनी कापायला नकार दिला. मग गवत कापायचं यंत्र घेऊन बाहेरचा माणूस आला. काकू फरशीवर उभ्या राहून बघत होत्या. पाच वर्षांना बारा मिनिटं लागली.

यंत्रानं पानं कापली नाहीत, त्यांचा लगदा केला. दुपारपर्यंत वास जिन्यावर चढला, रजिस्टरांत शिरला. टायपिस्टबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तीन वाजता खिडक्या बंद करून सगळ्यांना घरी सोडलं. नोंदीप्रमाणे त्या दिवशी तीननंतर शहरात कुणी जन्मलं नाही आणि कुणी मेलंही नाही. समितीनं पुरवणी अहवाल दिला, उपाययोजना यशस्वी.

काकू महिनाभर कामावर आल्या. कुंड्या पुसल्या, कुंपण छाटलं. साहेब आता वाफ्यातून सरळच जात, अडायला काही नव्हतं.

निरोप समारंभ झाला. काकूंचा स्वभाव फुलासारखा आहे, असं साहेब म्हणाले आणि त्यांनी गुच्छ दिला. प्लॅस्टिकचा, जांभळा. हेडक्लार्कनं निवडला होता. वासाचा धोका नको म्हणून. काकू भाषण करतील म्हणून सगळे थांबले. काकू गुच्छ घेऊन बाहेर गेल्या.

खिडकीत गर्दी झाली. काकूंनी साडीचा पदर खोचला, साहेबांच्या पायवाटेवर मधोमध खड्डा केला, हातानं चाचपून मातीखालचा, यंत्रातून वाचलेला रानलसणाचा एकही कांदा दुखावला नाही ना ते पाहिलं आणि गुच्छ सरळ उभा लावला. माती दाबली. मग झारी भरून आणली आणि वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता, पाणी घातलं.

झारी जागेवर पालथी ठेवून त्या फरशीच्या वाटेनं फाटकाकडे गेल्या. गुच्छावरचं पाणी लगेच ओघळलं. बाकीचं मातीनं पिऊन टाकलं.