घड्याळातलं खोबरेल

दाढी करता करता आकारामांच्या हातातलं रेझर गळून पडलं आणि ते अंगणातल्या खुर्चीवरून एका कुशीला कलंडले, ती दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. विजयमालाबाईंनी शेजारच्यांची जीप करून त्यांना शिराळ्याहून कऱ्हाडच्या दवाखान्यात नेलं. बावीस दिवसांनी घरी आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय कामातून गेला होता, आणि वाचा गेली होती. एक शब्द तेवढा उरला होता. "बरं." भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, चिडले तरी बरंच. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना कळतं सगळं. शब्द सापडत नाहीत, एवढंच."

तसे ते आधीही फार बोलणारे नव्हते. बावीस वर्षं सैन्याच्या वर्कशॉपात दुर्बिणी आणि होकायंत्रं दुरुस्त करण्यात गेली. रिटायर होऊन गावी आल्यावर साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली. सुट्टीच्या दिवशी मात्र खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे. त्याच टेबलावर त्यांनी सांगलीच्या जुन्या बाजारातून आणलेलं एक लंबकाचं घड्याळ चालू केलं होतं. दर शनिवारी सकाळी त्याला चावी द्यायची, ती त्यांनीच. विजयमालाबाईंनी एकदा काच पुसायला म्हणून त्याचं दार उघडलं, तर म्हणाले, "त्याला हात लावू नको." त्या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी हात लावला नव्हता.

दवाखान्यातून आले तेव्हा ते घड्याळ पावणेसातावर थांबलेलं होतं. मुलगा वीरधवल सैन्यात, राजस्थानात. मुलगी संयोगिता शिरवळला कंपनीत. दोघं आली, रडली, औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवून गेली. मग घर असं गप्प झालं की विजयमालाबाई भांडी मुद्दाम आपटून ठेवायला लागल्या. दिवसभर त्याच बोलायच्या. पाण्याचं, भाजीचं, शेजारच्या साळूबाईच्या म्हशीचं. उत्तर एकच यायचं, आणि त्या उत्तराला काही अर्थ आहे की नाही हेही कळायचं नाही.

एका शनिवारी त्यांनीच स्टूल घेतलं आणि चावी दिली. घड्याळ अर्धा तास चाललं आणि थांबलं. कुरकुरणाऱ्या दाराला तेल सोडतात, तसं करून बघावं म्हणून त्यांनी खोबरेलाची बाटली आणली आणि चाकांवर चांगली धार सोडली. कॉटवरून आकाराम ओरडले, "बरं! बरं! बरं!" बाईंना वाटलं, खूश झाले. घड्याळही सुरू झालं. त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

डिसेंबरात थंडी पडली आणि एका सकाळी घड्याळ पुन्हा बंद. बाईंनी दार उघडून आत डोकावलं. खोबरेल गोठलं होतं. चाकांच्या दात्यांत पांढरे गठ्ठे बसले होते, तळाला ओघळ थिजले होते. आकारामांनी कॉटवरून ते पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारी जेवलेही नाहीत.

"आवं, मला काय ठावं?" बाई म्हणाल्या. "तुमी कवा दाखवलं हुतं का मला?"



वीरधवलचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, बाजारातनं सेलचं घड्याळ आण आणि टाक लावून. कशाला डोक्याला ताप?" आकाराम शेजारीच होते. त्यांनी डाव्या हातानं फोन बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ओढत टेबलाशी नेली. घड्याळ उतरवून पुढ्यात ठेवलं. "हं," त्या म्हणाल्या. "आता दाखवा."

 आकारामांनी डाव्या बोटानं टेबलाचा खण दाखवला. खणात पेचकस, ब्रश, मऊ चिंध्या, एका बुचाला टोचलेली सुई आणि अंगठ्याएवढी तेलाची बाटली होती. बाईंनी पेचकस उचलून पितळी पत्र्याच्या स्क्रूला लावला, तशी आकारामांनी त्यांचं मनगट पकडलं. इतक्या जोरात की बांगडी रुतली. "बरं! बरं!" डोळे मोठे झाले होते. त्यांनी चावीकडे बोट केलं, मग आतल्या गुंडाळलेल्या कमानीकडे, मग मूठ आवळून एकदम उघडली. बाईंना कळलं. कमान भरलेली आहे, तशीच खोलली तर सुटून हात फाडेल.

मग कमान कशी उतरवायची ते त्यांनी दाखवलं. बाईंनी चावी दोन्ही हातांनी घट्ट धरायची. आकारामांनी डाव्या बोटानं कमान अडवून धरणारा खटका दाबायचा. चावी हातात थोडी मागे फिरली की बोट काढायचं. पुन्हा धरायची, पुन्हा दाबायचा. एकाचं बोट वेळेवर निघालं नाही किंवा दुसऱ्याची पकड ढिली पडली, तर संपलं. चालायच्या कमानीला आणि टोल्यांच्या कमानीला मिळून अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात बाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि आपण बोललो नाही हे त्यांना मागाहून आठवलं.

काटे, तबकडी काढून त्यांनी आतलं सगळं यंत्र पेटीतून बाहेर घेतलं. पेटी रिकामी झाली. मागच्या फळीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. 'तेल दिले' आणि खाली तारखा. दोन हजार दोनपासून दर तीन वर्षांनी एक, अशा आठ. अक्षर आकारामांचं. बाईंनी चष्मा लावून एकेक तारीख वाचली. चौथीवर त्या थांबल्या. पंचवीस जानेवारी दोन हजार अकरा.

त्यांच्या वडलांचा, आण्णांचा, दहावा त्या दिवशी होता. मलकापूरला. भाऊ दारात रडत होता आणि शाळेतली पोरं दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनासाठी रस्त्यावर कवायत करत होती, म्हणून तारीख विसरणं शक्य नव्हतं. सगळे जावई आले होते. एक आकाराम नव्हते. गाळपाचा हंगाम आहे, कारखान्यात सुट्टी मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. आणि बाईंनीही तेच सगळ्यांना सांगितलं होतं, मान खाली घालून.

"तुमी घरात हुता त्या दिवशी?"

आकारामांनी फळीकडे पाहिलं.

"सुट्टी न्हाई म्हनाला हुता. माझा बाप गेला हुता आन् तुमी हितं घड्याळाला तेल देत बसला हुता व्हय?"

"बरं," ते म्हणाले.

"काय बरं? काय बरं त्यात? का न्हाई आला? भावकीत मला सगळी इचारत हुती. बोला की!"

त्यांचा ओठ हलला.  काहीतरी वर येत होतं, अर्ध्यात अडकत होतं. शेवटी तेच आलं. "बरं… बरं…" आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंनी ते पुसलं नाही. यंत्रावर जुन्या लुगड्याचं धडपं टाकलं आणि त्या मागच्या दारी जाऊन बसल्या. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा राग आता भांडून काढावा, तर समोरच्याला भांडता येत नव्हतं.

नऊ दिवस ते धडपं तसंच राहिलं. बाई सगळं करत होत्या. अंघोळ, जेवण, गोळ्या. फक्त बोलत नव्हत्या. दोघांतलं एक आधीच गप्प होतं, आता दुसरंही झालं. साळूबाई कुंपणावरून म्हणाली, "विजाक्का, घरात हायसा न्हवं? आवाजच न्हाई कसला." बाई म्हणाल्या, "हाय की."

दहाव्या दिवशी त्या पाण्याची मोटर बंद करून आत आल्या, तर आकाराम कॉटवर नव्हते. धरत, सरकत ते टेबलापाशी पोचले होते. डाव्या हातात ब्रश होता. यंत्र धरायला दुसरा हात नसल्यामुळे त्यांनी ते छाती आणि टेबलाची कड यांच्यात दाबून धरलं होतं, आणि गोठलेलं खोबरेल खरवडत होते. सदरा तेलकट झाला होता. बाई दारात उभ्या राहिल्या. आकारामांनी मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं यंत्र सटकलं आणि बाईंनी पुढे होऊन ते झेललं.

"द्या हिकडं," त्या म्हणाल्या. "पडशीला."

आकारामांच्या मोटरसायकलमधलं बाटलीभर पेट्रोल काढून बाईंनी यंत्र परातीत, अंगणात, चुलीपासून लांब धुतलं. दोनदा. चिंधीनं पुसलं, उन्हात वाळवलं. मग तेल. बाईंनी सुईवर मोठा थेंब घेतला, तर आकारामांनी मान हलवली. चाकाच्या दात्यांना लावायला गेल्या, पुन्हा मान हलली. चाकाची बारीक दांडी पितळी पत्र्याच्या भोकात जिथं फिरते, तिथं बोट गेलं. तिथंच, आणि मोहरीपेक्षा लहान थेंब. दाते कोरडेच ठेवायचे. एवढ्या मोठ्या घड्याळाला अख्खं मिळून दोन-चार थेंब तेल लागतं, हे बाईंना त्या दिवशी कळलं. त्यांनी बाटलीभर ओतलं होतं.

यंत्र पेटीत बसवण्याआधी त्या पेन्सिल घेऊन थांबल्या. फळीवरच्या आठ तारखांखाली त्यांनी नववी लिहिली. चौथीवर बोट ठेवून त्यांनी आकारामांकडे एकदा पाहिलं. आकारामांनी नजर खाली वळवली. ते त्या दिवशी का आले नाहीत, हे बाईंना कधीच कळलं नाही. विचारायचं त्यांनी सोडून दिलं. राग पुरता गेला असं मात्र नाही.

दुपारी घड्याळ भिंतीवर चढलं, चावी दिली, लंबक हलला. तीन वाजले आणि घड्याळानं टोले द्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मग चार. पाच. बाई डोळे विस्फारून उभ्या. आठावर थांबलं. खोलताना टोल्यांचा मेळ चुकला होता.

कॉटवरून विचित्र आवाज आला. बाई धावल्या, पुन्हा झटका आला की काय म्हणून. आकाराम हसत होते. अर्धाच चेहरा हसत होता, पण पोट हलत होतं. कुंपणापलीकडून साळूबाई ओरडली, "अगं, आठ कसं वाजलं?" तशी बाईंनाही हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या कॉटच्या कडेला बसल्या. 

झोपण्याआधी आकारामांनी काटा कसा फिरवायचा ते बोटांनी दाखवलं. त्याप्रमाणे बाईंनी मोठा काटा बाराच्या मागे-पुढे करत, टोले मोजत मेळ बसवला.

पाचच्या सुमाराला संयोगिताचा फोन आला. ब्रेकमध्ये होती. मागे मशिनांचा आवाज येत होता.

"आई, गोळ्या दिल्यास?"

"दिल्या. अगं ऐक, आज तुझं आप्पा..."

"थांब, सुपरवायझर बोलावतोय. रात्री करते गं फोन."

फोन बंद झाला. विजयमालाबाईंनी तो ओट्यावर ठेवला, आणि मग दिवाबत्तीची वेळ होईपर्यंत उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत राहिल्या.