लिव्हरमधली ढिलाई

ताईनं घण उचलला आणि तापवलेल्या सांध्यातल्या पिनेवर घातला. पिन हलली नाही. तिनं कपाळावरचा घाम दंडाला पुसला, पाय रोवून पुन्हा एक घाव घातला आणि या वेळी आवाज बदलला. खणखणीत होता तो दबका झाला.

"निघाली," ती म्हणाली.

"कुठं निघाली? आहे तिथंच आहे की." शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"आता येईल."

पुढच्या घावाला मनगटाएवढी जाड पिन दुसऱ्या बाजूनं सरकत बाहेर आली आणि मातीत पडली. एका अंगाला झिजून तिची पार चंद्रकोर झाली होती. सासूबाईंनी ती चपलेच्या टोकानं हलवून पाहिली.

"माणसाचे सांधे असे बदलता आले असते, तर मी पहिल्या नंबरात उभी राहिले असते."

बॅकहो जुना होता. पुढं भरायची रुंद बकेट, मागं खोदायचा लांब हात, मधे काचा तडकलेली केबिन. ताईच्या नवऱ्यानं अर्धं आयुष्य याच केबिनीत काढलं होतं, एका कंत्राटदाराच्या नोकरीत. त्याला सगळे उस्ताद म्हणत. बकेटच्या दातानं तो जमिनीवरची काडेपेटी उघडतो, असं लोक सांगत. काडेपेटी कुणी पाहिली नव्हती, पण गाडलेल्या केबलवरची माती त्यानं केबलला ओरखडाही न काढता खरवडलेली पुष्कळांनी पाहिली होती. कंत्राटदारानं जुनी मशीनं मोडीत काढायला घेतली तेव्हा स्वतःचं मशीन घ्यायचं दोघांनी ठरवलं. ताईनं बाजारात दोन-तीन चांगली मशीनं हेरून ठेवली होती. उस्ताद हटून बसला.

"घ्यायचं तर हेच. याला माझा हात माहीत आहे."

ताईनं फार ताणलं नाही. ती मेकॅनिकची मुलगी. अक्षरांच्या आधी नट-बोल्टांचे पाने ओळखायला शिकलेली, आणि आता बापाच्या वयाची माणसंही तिला ताई म्हणत गाड्या दाखवायला आणत. खिळखिळ्या मशीनची तिला भीती नव्हती. बिघडलेलं ते सापडतं आणि सापडलेलं दुरुस्त होतं, एवढा तिचा सरळ हिशेब होता.

तिनं एकेक करून सगळं सोडवलं. मागच्या हाताचा सिलिंडर तेल गाळत होता, त्याची सील बदलली. फुगे आलेले तेलाचे रबरी होज काढून टाकले. सगळे सांधे मोकळे करून पिनांभोवती बसणाऱ्या धातूच्या कड्या, नवे बुश, ठोकले, नव्या पिना घातल्या, ग्रीस भरलं. उस्ताद शेजारी उभा राहून पाना दे, दिवा धर, असं करत होता आणि खुशीत होता. फक्त ती केबिनीत चढून सीटमागच्या लिव्हरांखालचं झाकण उघडायला लागली तेव्हा तो पुढं आला.

"ते राहू दे."

"अहो, लिव्हर किती डुलतायत बघा. खालच्या दांड्यांचे बुश संपलेत. इकडं चार बोटं हलवावं तेव्हा तिकडं व्हॉल्व्हला खबर लागते."

"मला सवय आहे."

"सवय म्हणून का असंच ठेवायचं?"

"मशीन चालतंय ना? मग कशाला उकरायचं?"

तिनं झाकणावरचा हात काढला. तो तेल आणायला बाजारात गेला तेव्हा तिनं झाकण उघडलं आणि ते काम पुरं केलं. अर्धंमुर्धं काम सोडून तिला जेवण गोड लागत नसे.

दुपारी तो परतला तेव्हा मशीन शेडबाहेर उभं होतं. दुसऱ्या दिवशी पहिलं काम होतं. शाळेमागच्या बोळात पाण्याची मोठी लाइन गळत होती आणि तिला खेटून विजेची केबल गेली होती. पाणीखात्याच्या साहेबांनी काम देताना एकच विचारलं होतं, "उस्ताद स्वतः बसणार ना?"

उस्तादनं मशीन चालू केलं, सीट फिरवून मागं तोंड केलं. मागचे दोन लोखंडी पाय जमिनीत रोवले. मग लिव्हरवर हात ठेवला आणि थबकला. ताईकडे पाहिलं.

"बदललेस."

"बदलले. बघा तर खरं."

मागच्या हाताची बूम उठली, पुढं झुकली, बकेट वाळूच्या ढिगावर आली. आली ती थरथरत. दात वाळूला लागायच्या आधीच हवेत डावी-उजवीकडे हिसके देत होते. त्यानं हात काढला, बकेट स्थिर झाली. पुन्हा धरला, पुन्हा थरथर.

"तुझं काहीतरी चुकलंय," तो वरूनच ओरडला. "हवा राहिली असेल तेलात."

"राहिली नाही."

तरी तिनं तपासलं. होजवर तळहात ठेवून पाहिला, एकेक सांधा पहारीनं उचकटून पाहिला. कुठं तसूभर ढिलाई नव्हती. मग त्याला खाली उतरवून ती स्वतः बसली. बूम लोण्यातून जावी तशी फिरली. बकेट वाळूवर टेकली, तिनं दातांनी एक रेघ ओढली. रेघ सरळ आली.

तिनं त्याला पुन्हा बसायला लावलं आणि पायरीवर चढून उभी राहिली.

"हं, चालवा."

त्यानं लिव्हर धरला. तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

इंजिनाचा थरकाप तिला पाठ होता, तो सगळ्या केबिनीत सारखा असतो. हा वेगळा होता. तो तळहाताखाली होता, चामडीच्या आत, एखादं पाखरू मुठीत धरल्यासारखा. तिनं हात तसाच ठेवला. अलीकडे तो चहा अर्धाच कप मागायचा, ते तिला आठवलं. तिला वाटलं होतं, साखर कमी करतोय.

उस्तादनं इंजिन बंद केलं. 

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"कंत्राटदाराकडे होतो तेव्हापासून." तो थांबला. "मशीन सांभाळून घ्यायचं. लिव्हरांच्या त्या ढिलाईत जिरून जायचं सगळं. वरून कुणाला कळायचं नाही."

"आणि मला?"

"तुला सांगायचं होतं. रोज उद्या म्हणत गेलो."

ती पायरीवरून उतरली नाही. त्याचा हात सोडलाही नाही.

"जुने बुश आहेत का?" त्यानं विचारलं.

"आहेत डब्यात."

"परत बसव. उद्याचं एवढं काम होऊ दे. मग बघू."

"नाही."

"अगं, माझ्या नावावर काम मिळालंय."

"म्हणूनच नाही. केबल आहे तिथं. आणि माझ्या हातून ढिलं काम व्हायचं नाही, तुमच्यासाठीसुद्धा." तिनं श्वास घेतला. "उद्या मी बसते."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तू? आवारात फिरवणं वेगळं आणि..."

"माहीत आहे वेगळं आहे ते. तुम्ही खाली उभे राहा आणि सांगा. डोळे तर थरथरत नाहीत ना?"

तो हसला नाही, पण त्याचे खांदे सैल पडले. सावलीतून सासूबाईंचा आवाज आला.

"भांडताय का दुरुस्त करताय?"

"दोन्ही करतोय," ताई म्हणाली. मग हळू आवाजात त्याला म्हणाली, "काम झालं की डॉक्टरकडे जायचं. तिथून सरळ. कपडे बदलायलाही घरी यायचं नाही."

"ग्रीसनं माखलेली येणार तू?"

"येणार."

सकाळी बोळात ती मशीन मागं घेत असताना पाणीखात्याचे साहेब आधी केबिनीकडे आणि मग पायी चालणाऱ्या उस्तादकडे पाहत राहिले.

"उस्ताद, तुम्ही खाली?"

"आजपासून खाली," तो म्हणाला. "मागं सरा साहेब, बूम फिरेल."

तिनं मशीनचे पाय रोवले, बकेट उतरवली. वरचा थर सोपा होता, मुरूम आणि दगड. खाली चिखल लागला तेव्हा तो चराच्या काठावर उकिडवा बसला. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. तो मनगट वळवी, ती बकेट वळवी. तो मूठ मिटी, ती थांबे. एकदा ती घाईनं पुढं गेली, तशी त्यानं दोन्ही हात आडवे धरून असे डोळे वटारले की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची तिला आठवण झाली. ती तिथंच थांबली. त्यानं चरात उतरून बोटांनी चिखल बाजूला केला. केबलचं काळं अंग वीतभर अंतरावर दिसत होतं.

तिच्या मानेवर घाम आला. तिनं तळवे पँटला पुसले आणि पुन्हा लिव्हर धरले.

आता पाइपावर एक पातळ थर उरला होता. तो खोऱ्यानं निघत नव्हता, साहेबांच्या माणसानं दोनदा करून पाहिलं. उस्तादनं त्याला वर यायला सांगितलं, स्वतःही बाहेर आला आणि तिच्या नजरेसमोर उजवा हात धरला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली फट, एवढंच अजून.

ती फट थरथरत होती. मोठी होत होती, लहान होत होती. साहेबांनी ती पाहिली.  उस्तादनं हात मागं घेतला नाही.

तिनं त्यातलं लहान अंतर धरलं आणि लिव्हर ओढला.