फोटोसाठी जागा

"बाई, फोटो अजून जरा मोठा होईल का?"

मोठे सर, म्हणजे विभागप्रमुख, तिच्या खुर्चीमागे उभे राहून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वाकून बघत होते. पडद्यावरही तेच होते. हातात काचेचं मानचिन्ह, बाजूला कुणी पाहुणे, आणि चेहऱ्यावर आपल्याला याचं काहीच विशेष नाही असं दाखवणारं हसू.

"होईल की सर. खालचा मजकूर थोडा कापते."

"कापा, कापा. मजकूर वाचतंय कोण?"

आता हे सरांनी म्हणायचं नव्हतं, पण बोलले ते सोळा आणे खरं होतं. बालरोग विभागाचं हे बातमीपत्र दर महिन्याला निघायचं. कुणाला पारितोषिक मिळालं, कुणाचा लेख परदेशात छापून आला, कुठलं नवं यंत्र आलं, झालं. अंक हातात पडला की जो तो आधी आपलं नाव शोधायचा, मग दुसऱ्याचं नाव आपल्यापेक्षा ठळक तर नाही ना ते बघायचा, आणि मग त्याच अंकावर चहाचा कप ठेवायचा. हे काम विभागाच्या लिपिक बाईंकडे इतकी वर्षं होतं, की त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. सफाईवाल्यापासून सरांपर्यंत सगळे त्यांना बातमीबाई म्हणत. सर समोर असले की फक्त बाई.

नोकरीला लागली तेव्हा ती प्रत्येक बातमी वाचायची. कळलं नाही तर डॉक्टरांना गाठून विचारायची. पण डॉक्टरांना कुठला वेळ असायला? हळूहळू विचारणं सुटलं, मग वाचणंही सुटलं. आता ती बातम्या नुसत्या मापायची. एवढी जागा, एवढ्या ओळी, उरलं ते कापायचं. रोज भाजी चिरणारी बाई तरी कुठे भाजीकडे बघत बसते?

सर गेले आणि शिपाईमामा दारात आले. "बाई, तुमचा भाऊ आलाय खाली. पाठीवर मुलगी आहे."

भाऊ रात्रभराच्या प्रवासावरच्या गावाला राहायचा, शिलाईची मशिनं दुरुस्त करायचा. दुकान बंद ठेवून, फोन न करता येणारा माणूस नव्हता तो. ती उठेपर्यंत तो जिना चढून वर आलाही होता. पाठीवर लेक. तिच्या हडकुळ्या पायांना त्याने दोन्ही हातांनी विळखा घातला होता आणि तो धापा टाकत होता. तरी चेहरा असा, की जणू लॉटरी लागलीय.

"अरे, लिफ्ट होती ना."

"रांग होती. म्हटलं थांबायचं कशाला आता."

त्याने लेकीला बातमीबाईच्या खुर्चीत अलगद बसवलं. पोरगी नऊ वर्षांची, पण एका बाजूला कलून बसली, वाऱ्याने वाकलेल्या रोपासारखी. मागच्या सुट्टीत पाहिली होती तेव्हा एवढी कलत नव्हती. तिच्या स्नायूंचं ते दुखणं जन्माचंच होतं. चालणं बंद होऊनही वर्ष उलटलं होतं.

"आत्या, ही खुर्ची फिरते?" पोरीने विचारलं.

"फिरते की. हळू फिर."

भावाने खिशातून मागच्या महिन्याचा अंक काढला. घड्या घालून घालून कागद मऊ पडला होता. जगात बातमीपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच वाचक होता, आणि तो हा. ती दर महिन्याला त्याला अंक पाठवायची. तो दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, हे माझी ताई काढते.

"हे." त्याने बोट ठेवलं. "स्नायूंच्या आजारावर नव्या औषधाला यश. आपलंच दुखणं आहे ना ताई? तेच नाव. मी आमच्या डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघितलं."

तिने बघितलं. तिचंच काम. मथळा तिचा, चौकट तिची. खाली सरांचा फोटो, चांगला मोठा.

"मला फोन तरी करायचास."

"केला असता तर काय म्हणाली असतीस? सरांना विचारून सांगते. त्यात महिना गेला असता. आणि मला कळलं ना ताई. आतल्या माणसाला असं उघड सांगता येत नाही. म्हणून तू छापून पाठवलंस."

त्याच्या बोलण्यात शंकेला जागाच नव्हती, आणि तेच वाईट होतं.

"आणि हिचं पाठीचं ऑपरेशन?" तिने विचारलं. पोरीचा कणा वाकत चालला होता, आत फुफ्फुसं दबत होती. तो सरळ करायचं ऑपरेशन गावाजवळच्या इस्पितळात ठरलं होतं. त्या तारखेसाठी भावाने वर्षभर खेटे घातले होते.

"ती तारीख सोडली," भाऊ म्हणाला. "कालचीच होती. औषध मिळणार तर एवढ्याशा पोरीची पाठ कशाला कापायची? हिची आई नको म्हणत होती. आधी ऑपरेशन होऊ दे म्हणाली. मीच म्हटलं, ताई उगीच छापणार नाही."

तिने अंक त्याच्याकडून घेऊन टेबलावर ठेवला आणि बातमीची शेवटची ओळ बघितली.

त्या ओळीनंतरचं कापलेलं वाक्य तिला आठवत होतं. एरवी कापलेलं एक अक्षर तिच्या लक्षात राहायचं नाही, पण ते वाक्य तोंडपाठ होतं. बातमी देणाऱ्या धाकट्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी लिहिलं होतं, 'मात्र जन्मल्याबरोबर निदान झालेल्या बाळांनाच या औषधाचा उपयोग होतो, मोठ्या मुलांना त्याचा फायदा झालेला नाही.' त्या दिवशी बातमीबाईने कधी नव्हे ते मापायच्या आधी वाचलं होतं. आजाराचं नाव बघून तिची छाती धडधडली होती. शेवटच्या ओळीपाशी पोचली आणि तिथेच सगळं संपलं. मग सर आले, फोटो मोठा करा म्हणाले, आणि काय कापायचं हा प्रश्नच पडला नाही. जे बघवत नव्हतं तेच तिने आधी उडवलं. भावाला अंक पाठवताना एकदासुद्धा मनात आलं नाही, की हा वाचणार आहे.

"तू बस. मी सरांना भेटून येते," ती म्हणाली.

सर फोनवर होते. तिला बघून त्यांनी हातानेच थांबा म्हटलं, पण ती थांबली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती न विचारता सरांच्या समोरच्या खुर्चीत बसली. सरांनी फोन ठेवला.

"सर, माझ्या भाचीला औषध द्या. ते नवं."

भाचीचं दुखणं, सोडलेली ऑपरेशनची तारीख, सगळं तिने सांगितलं, कापलेलं वाक्य तेवढं सोडून. सर वाईट माणूस नव्हते. फोटोची हौस सोडली तर पोरांसाठी जीव टाकायचे. त्यांनी मुलीचे कागद मागवले, एक एक नीट वाचला, मग स्वतः उठून बाहेर आले. पोरीला तपासलं, फुंकर मारायला लावली, पाठीवरून हात फिरवला. एका बाजूला घेऊन बातमीबाईशी बोलले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"बाई, तुम्हाला तर माहीत आहे. बातमी तुम्हीच लावली होती."

"माहीत आहे सर. तरी द्या."

"देऊन उपयोग नाही. वर यकृताला त्रास होईल. हिला आत्ता पाठीचं ऑपरेशन हवं होतं, श्वास कमी पडायला लागलाय. तारीख का सोडली यांनी?"

"अंक वाचून, सर," ती म्हणाली. सर समजायचं ते समजले असावेत, कारण त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

"आपल्याकडे होईल का सर? ऑपरेशन?"

"आपल्याकडे हाडांच्या विभागाची यादी पुढच्या वर्षापर्यंत गेलीय. मी बोलतो. त्यांच्या गावच्या डॉक्टरांशीही बोलतो. पण गेलेली तारीख लगेच परत मिळेल असं मी सांगणार नाही. आणि ही किती थांबू शकेल तेही सांगणार नाही." सर थोडे घुटमळले. "पुढच्या अंकात आपण खुलासा छापू."

खुलासा. तिला हसावं की रडावं कळेना. तो खुलासा वाचणारा एकुलता एक माणूस बाहेर बाकावर बसला होता.

भावाला तिने पाण्याच्या नळापाशी नेलं. बाकी सगळीकडे माणसांची गर्दी होती. तिने सरळ सांगितलं. औषध मोठ्या मुलांसाठी नाही. तसं वाक्य बातमीत होतं. ते मी कापलं.

भावाला पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हणजे सर नाही म्हणाले? अगं, पण तू जरा शब्द टाक ना. तुझी एवढी वर्षं गेलीत इथे."

"शब्द टाकून होणारं नाही रे ते. औषधच नाहीये तिच्यासाठी."

"पण छापलंय."

"अर्धंच छापलंय. अर्धं मी कापलं."

आता त्याला कळलं. त्याने नळाची तोटी घट्ट आवळली, पाणी गळत नव्हतं तरी. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाचे हात, त्यांना काहीतरी आवळायला लागतंच.

"का कापलंस?"

"जागा नव्हती," असं तिच्या तोंडून गेलं. सवयीने गेलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. "जागा केली असती तर झाली असती. मला ते वाक्य बघवत नव्हतं. आपल्या पोरीला उपयोग नाही असं लिहिलेलं मला टाईप करवेना."

बाजूने एक परिचारिका औषधांची ट्रॉली ढकलत गेली. तो भिंतीला सरकून उभा राहिला, तिला वाट करून दिली.

"तुला बघवलं नाही," तो म्हणाला, "म्हणून मला दिसू दिलं नाहीस."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तिने त्याचा हात धरायला हात पुढे केला. त्याने झिडकारला नाही, धरलाही नाही.

"तिला काय सांगू आता मी? सगळ्या वर्गाला सांगून आलीय ती, परत येईन तेव्हा चालत येईन म्हणून. शाळेतल्या बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या वर्गाला." एवढं बोलून तो जिन्याकडे गेला आणि वरच्या पायरीवर पाठ करून बसला. त्याचे खांदे हलत होते. बातमीबाईने लहानपणी या भावाला कडेवर घेऊन गावभर हिंडवलं होतं. पडला, रडला, की तिच्याकडेच यायचा. आज तिला त्याच्याजवळ जायचा धीर झाला नाही.

तिने डोळे पुसले, नळाखाली तोंड धुतलं आणि टेबलापाशी आली. पोरगी खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होती. मोठे सर मानचिन्ह घेऊन हसत होते.

"यांना कशाबद्दल मिळालं गं हे?"

"मुलांना बरं करतात म्हणून."

"सगळ्या?"

"सगळ्या नाही." बातमीबाई खाली बसली, पोरीच्या गुडघ्यांपाशी. "ऐक. ते औषध आहे ना, ते फक्त तान्ह्या बाळांना चालतं. तुझ्यासाठी नाहीये. बाबांची काही चूक नाही. मी अंकात पूर्ण लिहिलं नाही, म्हणून त्यांना वाटलं की तुला मिळेल."

पोरीने खुर्ची फिरवायचं थांबवलं. तिने रडावं असं बातमीबाईला मनापासून वाटत होतं. रडली असती तर जवळ तरी घेता आलं असतं. पण पोरगी कपाळाला आठ्या घालून विचारात पडली होती.

"मग वर्गात काय सांगायचं?" तिने विचारलं.

"सांग, आत्याने चूक केली. खुशाल सांग. माझं नाव घेऊन सांग."

श्वास घेताना पोरीचे खांदे वर जात होते.

"नको," ती म्हणाली. "बाबा सगळ्यांना तुझे पेपर दाखवतात. दुकानात पण. मी सांगेन, आम्ही गेलो तेव्हा औषध संपलं होतं."

बातमीबाईला हुंदका आवरला नाही. तिने पोरीच्या मांडीवर डोकं टेकलं आणि तशीच रडली. शिपाईमामा दारापर्यंत आले, त्यांनी बघितलं आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने भाऊ आला. डोळे लाल, पण चेहरा धुतलेला. सरांनी गावच्या डॉक्टरांना फोन लावला होता. नवी तारीख नव्हती, कुणी रद्द केलं तर कळवतो एवढंच ते म्हणाले होते. निरोप ऐकून भावाने मान हलवली. अंक टेबलावर तसाच पडला होता. त्याने तो उचलला नाही.

"संध्याकाळची गाडी मिळेल," तो म्हणाला. "लवकर पोचलो तर उद्या सकाळी तिथल्या डॉक्टरांच्या दारात जाऊन बसतो. समोर माणूस बसला की नाही म्हणता येत नाही."

"मी येते बरोबर."

"तू कशाला?" तो म्हणाला. रागाने नव्हे, थकून. "तू काय सांगणार त्यांना?"

शिपाईमामांनी चाकांची खुर्ची आणली. भावाने नको म्हणून हात हलवला. तो पोरीपुढे पाठ करून खाली बसला. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले, पण धड पकडता येईना. दंडात जोर नव्हता. बातमीबाईने तिचे हात त्याच्या गळ्याभोवती गुंफून दिले. एका दमात त्याला उठता आलं नाही. दुसऱ्यांदा त्याने टेबलाचा आधार घेतला आणि उभा राहिला.

तो चालायला लागला. पोरीचं एक पाऊल त्याच्या हातातून सुटून लोंबकळत होतं. बातमीबाईने मागून ते हातात धरलं. भावाच्या चालीने चालत, जिन्याच्या एक एक पायरीला थांबत, ती तसंच ते धरून बाहेरच्या फाटकापर्यंत गेली. तो मागे वळला नाही, पण त्याने चाल जरा हळू केली.