जिरलेलं पाणी

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी प्रीती. राहते हेंद्रेपाड्यात, आणि पीएचडी करते बंद केलेल्या डम्पिंगचा कचरा झाकणाऱ्या मातीवर. आई नातेवाइकांना नुसतं 'रिसर्च करते' एवढंच सांगते. एमआयडीसीच्या मागची जुनं डम्पिंग ग्राउंड बंद करून त्याच्यावर बाग करायचं ठरलं, तेव्हा मी खूश झाले होते. कचऱ्यावर चिकणमातीचा जाड थर दाबायचा आणि त्यावर चालायला डांबरी ट्रॅक. थराचं काम एकच, पाणी कचऱ्यात उतरू द्यायचं नाही. उतरलं की ते कुजक्या घाणीतून काळं होऊन खालच्या वस्तीच्या विहिरीत जातं. नळाला पाणी नसलं की सगळी वस्ती त्या विहिरीवर असते. माझ्या ओळखीच्या कमळाबाई तिथेच राहतात.

काम मिळालं विक्रांत नावाच्या कंत्राटदाराला. हा माणूस जन्मभर रस्ते करत आलेला. रस्त्याखालची माती जरा कोरडी ठेवून दाबली की कडक होते, म्हणून याने इथेही तशीच दाबली. कचऱ्यावरची माती मात्र थोडी जास्त ओली असतानाच मळून दाबावी लागते, कणकेसारखी. नाहीतर वरून दगड आणि आतून चाळणी. मी हे त्याला तीनदा सांगितलं. "मॅडम, एकदम कडक माल झालाय," तो म्हणाला. "ट्रक घाला वरून, टेन्शन नाय."

म्हणून मी सगळ्यांना बोलावलं. पालिकेचे साहेब आले, माझे गाइड चिंतामणी सर आले, वॉर्डातली माणसं आली. बिनबुडाचं पिंप मातीत रुतवून मी ते पाण्याने भरलं. थर नीट असता तर पाणी संध्याकाळीही तेवढंच दिसलं असतं. इथे लोकांचा चहा संपायच्या आत पिंप रिकामं झालं.

"बघा!" मी म्हटलं.

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या! दर जुलैत ज्यांच्या घरात पाणी शिरतं, त्यांना जिरणारं पाणी म्हणजे देवच वाटणार. "अजिबात साचत नाय!" साहेब म्हणाले. "मॅडमनी तर सर्टिफिकेटच दिलं," विक्रांत हसत म्हणाला. मी ओरडले, हे उलटं आहे, हे नापास आहे, म्हणून. कोणी ऐकलं नाही. वडापाव आले होते.

सरांनी मला बाजूला घेतलं. "प्रीती, दाबलेल्या मातीची घनता पास झाली आहे. ट्रॅक पडू दे."

"सर, घनता रस्त्याला पुरते. इथे पाणी अडायला हवं. हे तुम्हीच मला शिकवलंत!"

"आणि तुझ्या प्रबंधावर सही मीच करणार आहे," ते हळूच म्हणाले. मला त्यांची किळस आली. ज्याला कळत नाही त्याला एकवेळ माफ करीन. एकदा डांबर पडलं की खाली कोणी उकरणार नाही, हे सरांना पक्कं माहीत होतं.

गळती शोधायला वापरतात तो हिरवा रंग लॅबमध्ये होता. अपाय काही नाही, पण लपता लपत नाही. मी आधी कमळाबाईंकडे गेले.

"आमच्या विहिरीत येईल काय गं तो?" त्यांनी विचारलं.

"येऊ नये, मावशी. आला तर घाबरू नका. पण त्या दिवसापासून तिथलं पाणी भरूही नका."

"आणि आत्तापर्यंत भरलं त्याचं काय?" त्या म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं.

मग मी रोज पिंप भरत राहिले, रंग टाकून. पाणी रोज खाली जात राहिलं. विक्रांतची माणसं हसायची. मी दातओठ खात टँकरचा पाइप धरून उभी असायचे.

ट्रॅकच्या दिवशी रोलरला हार घातला होता. डांबराचा डंपर वाफाळत उभा. साहेबांनी नारळ फोडला, तेवढ्यात उतारावरून कमळाबाई वर येताना दिसल्या. मागे वस्तीतल्या बायका, प्रत्येकीच्या कडेवर हंडा. त्यांनी हंडे रोलरसमोर ओळीने ठेवले. पाणी पोपटी हिरवं होतं.

साहेब मागे सरले. "विहिरीत रंग कोणी टाकला? पोलिसांना बोलवा!"

"मी टाकला," मी म्हटलं. "पण विहिरीत नाही. इथे टाकला, या पिंपात. तुम्ही टाळ्या वाजवल्यात ना, तिथेच."

चिंतामणी सर बुटांकडे बघत राहिले. रोलरवाल्याने इंजिन बंद केलं.

कमळाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "वाजवा की आता," त्या म्हणाल्या.